हुशार मुलाला व्हायोलिन शिकवताना : पालकांचे आणि नव्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

गेली सव्वीस वर्षं मी नागपुरात, लक्ष्मीनगरच्या घरी व्हायोलिन शिकवते. मुख्यतः हिंदुस्थानी, आणि ज्यांना हवा त्यांना पाश्चात्त्य पद्धतीचा पाया. दर एक-दोन वर्षांनी असं एखादं मूल येतं की त्याचा कान पाहून आपण थबकतो. अशा मुलांचे आई-बाबा जे प्रश्न विचारतात, तेच आता स्वतः शिकवू लागलेले माझे जुने विद्यार्थीही फोन करून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

आमच्या मुलाला खरंच गती आहे, हे कसं ओळखायचं?

टीव्हीवर ऐकलेलं गाणं त्यानं घरी येऊन वाजवून दाखवलं, यावरून बहुतेक पालक ठरवतात. ती खूण आहेच, पण अर्धी. मी मुलाला एकच सूर दहा वेळा वाजवायला सांगते आणि गप्प बसते. साधारण मूल दहाही वेळा सारखंच वाजवतं, किंवा कंटाळतं. गती असलेलं मूल चौथ्या-पाचव्या खेपेला आपणहून काहीतरी बदलून पाहतं. बो (गज) जरा हलका करतं, बोट केसभर सरकवतं, मान कलती करून ऐकतं. सूर उतरला तर कुणी सांगायच्या आत त्याच्या कपाळावर आठी येते. ही आठी मला पाठ झालेल्या दहा गाण्यांपेक्षा मोलाची वाटते.

कितव्या वर्षी सुरू करावं आणि कोणत्या मापाचं व्हायोलिन घ्यावं?

पाच-सहा वर्षांपासून चालतं. आठव्या-नवव्या वर्षी सुरू केलं तरी काही बिघडत नाही. माप वयावरून नव्हे, हातावरून ठरतं. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात लांब केला की वाद्याचं वळलेलं टोक तळव्यात सहज यायला हवं आणि कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. कोपर ताठ झालं तर वाद्य मोठं आहे. लहान मुलांसाठी 1/4, 1/2, 3/4 अशी मापं मिळतात. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं खोकं साधारण 35.5 सेंटिमीटर लांब असतं आणि त्याचा बो सुमारे 75 सेंटिमीटर.

कृपा करून वाढत्या अंगाचा सदरा घ्यावा तसं व्हायोलिन घेऊ नका. मोठ्या वाद्यावर करंगळी पोचावी म्हणून मूल मनगट आत मोडतं, अंगठा दाबतं, खांदा वर ओढतं. पुढे वाद्य मापाचं झालं तरी या सवयी जात नाहीत. हुशार मूल तर मोठ्या वाद्यावरही सूर काढून दाखवतं, आणि तिथेच आपण फसतो.

हिंदुस्थानी शिकवावं की पाश्चात्त्य? बसून की उभं राहून?

दोन्हींत वाद्य तेच आहे, पण शरीराचं काम वेगळं आहे. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य गळपट्टीच्या हाडावर टेकतं, हनुवटी त्याला सावरते, मूल उभं असतं किंवा खुर्चीवर बसतं. तारा जी, डी, ए, ई अशा, प्रत्येकीत पंचमाचं (सा ते प एवढं) अंतर ठेवून लावतात. आपल्याकडे मांडी घालून बसतात, वाद्याचा वरचा भाग डाव्या खांद्या-छातीशी टेकतो आणि टोक उजव्या पावलावर विसावतं. तारा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा लागतात. वाद्य दोन्हीकडून टेकलेलं असल्यानं डाव्या हातावर त्याचा भार उरत नाही आणि तो खुंटीपासून घोडीपर्यंत (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) मोकळा धावतो. मींड, गमक, घसीट अशा सुरावरून सुरावर घसरत किंवा झुलत जाण्याच्या प्रकारांना हा मोकळेपणा लागतोच.

गजाननबुवा जोशी (1911–1987), व्ही. जी. जोग, डी. के. दातार आणि एन. राजम यांची वादनं मुलाला एकापाठोपाठ ऐकवा. वाद्य एकच, बैठक तीच, पण प्रत्येकाचा आवाज निराळा. राजमबाईंचं शिक्षण आधी कर्नाटक पद्धतीत झालं आणि मग गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे. त्यामुळे त्यांच्या बोतून गळा ऐकू येतो. भावगीतातल्या शब्दांचे उच्चारही व्हायोलिनवर कसे उमटतात, हे प्रभाकर जोगांच्या वादनात कळतं.

माझं मत असं, की पहिली दोन वर्षं एकच पद्धत असू द्या. तारांची अंतरं वेगळी असल्यानं बोटांची गणितंही वेगळी होतात. पाश्चात्त्य लागणीत एका तारेवरून दुसरीवर गेलं की तेच बोट नेहमी पंचम देतं. आपल्या लागणीत कुठे पंचम, कुठे मध्यम. चुणचुणीत मूल दोन्ही गोष्टी चटकन उचलतं, पण हाताला घर मिळत नाही. कोणती पद्धत, हे घरात काय ऐकलं जातं आणि आसपास कोण शिकवतं यावरून ठरवा.

पहिले तीन महिने नुसत्या मोकळ्या ताराच का? मुलगी कंटाळेल ना!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून उत्तरही सर्वांत लांब.

व्हायोलिनचा सूर डावा हात काढत नाही, उजवा काढतो. बोचे केस तारेला क्षणभर चिकटवून ओढतात, तार सुटते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं. राळ लावायची ती या पकडीसाठीच. ही पकड तीन गोष्टींवर चालते : बोचा वेग, हाताचं वजन आणि बो घोडीपासून किती दूर आहे. घोडीजवळ वाजवायचं तर बो सावकाश आणि वजन जास्त. फिंगरबोर्डकडे (डाव्या हाताची बोटं पडतात ती काळी पट्टी) सरकलात तर वजन हलकं आणि बो वेगात. यातलं एक बदललं आणि दुसरं सांभाळलं नाही, की एकतर तार किंचाळते किंवा नुसता वारा वाहतो.

मी घोडी आणि फिंगरबोर्ड यांच्यामधल्या जागेच्या पाच गल्ल्या करते. पहिली गल्ली घोडीला लागून, पाचवी फिंगरबोर्डाच्या कडेला. मुलं नंबर सांगून खेळतात : "आता तिसऱ्या गल्लीत सहा सेकंद, आता दुसरीत दहा." प्रत्येक गल्लीत स्वच्छ सूर काढायला किती वजन लागतं, हे त्यांना हातानंच शोधू द्यायचं. कंटाळा येत नाही, कारण शोध असतो. कंटाळा नुसत्या "वर-खाली, वर-खाली" सांगण्यानं येतो, आणि त्यात दोष शिकवणाऱ्याचा.

दुसरं, बो तारेला काटकोनात राहायला हवा. मुठीकडून (बो धरतो तो भाग) टोकाकडे जाताना कोपर उघडून हात किंचित पुढे जावा लागतो. मूल तसं न करता सगळा हात मागे नेतं, आणि बो तिरका होऊन खांद्यामागे जाऊ लागतो. याला शब्दांपेक्षा आरसा बरा. आरसा समोर नको, बाजूला ठेवा, म्हणजे काटकोन दिसतो.

तिसरं, बोटं. बो पकडायचा नसतो, तो बोटांवर विसावतो. पूर्ण मापाचा बो जेमतेम 60 ग्रॅमचा. मुठीजवळ वाजवताना वाकवलेली करंगळी त्याचं वजन तोलते. टोकाकडे जाताना तर्जनी थोडं वजन देते. करंगळी ताठ झाली की सारा हात ताठ झाला, हे नक्की धरा. मी मुलांना आधी पेन्सिल धरायला देते आणि करंगळीनं ती वर-खाली झुलवायला सांगते. शाळेच्या बसमध्येही करता येतं.

मग एक बो किती वेळ टिकतो ते पाहायचं. अर्ध्या मापाच्या बोवर पंधरा सेकंद एकसारखा, न थरथरता सूर निघाला, की मी पहिलं बोट ठेवायला देते. काहींना सहा आठवडे लागतात, काहींना पाच महिने.

"मॅडम, पोट्टी सगळं एका दमात वाजवून राहिली, मंग समोरचं काहून नाही देऊन राहिल्या?"

एका बाबांनी अगदी याच शब्दांत विचारलं होतं. त्यांची मुलगी सात वर्षांची, कान असा की तंबोरा लावताना माझी चूक तिनं पकडली होती. मी तिला भूप दिला, यमन दिला, वर्षभरात छोटा ख्याल वाजवू लागली. सूर नेमका, लय पक्की. मग दुगुनीतल्या (दुप्पट लयीतल्या) ताना आल्या आणि तिचा हात थांबला. तेव्हा नीट पाहिलं. तिचा उजवा खांदा वर्षभर वर ओढलेला होता. संथ लयीत तिचा कान प्रत्येक दोष सावरून घेत होता, म्हणून मला तो ऐकू आला नव्हता. तो दिसत होता, पण मी पाहिला नव्हता. चूक माझी होती. खांदा खाली आणायला आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांत ती बऱ्याचदा रडली.

तेव्हापासून मी हे मनाशी घट्ट धरलं आहे की हुशार मुलाला चूक झाकता येते. बोट चुकीच्या जागी पडलं तरी कानाच्या जोरावर ते इतक्या लवकर सरकतं की ऐकणाऱ्याला कळत नाही. साधारण मुलाचा दोष लगेच ऐकू येतो, म्हणून लगेच दुरुस्त होतो. हुशार मुलाचा दोष लय वाढेपर्यंत आत मुरत राहतो. म्हणून अशा मुलाला मी जास्त हळू नेते आणि डोळ्यांनी जास्त तपासते.

पाश्चात्त्य व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन (1916–1999) लहानपणीच जगभर गाजला. 1929 साली, तेरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यानं बर्लिनमध्ये एकाच संध्याकाळी बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स यांचे कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत एकट्यानं वाजवायच्या मोठ्या रचना) वाजवले. पण आपण हे कसं वाजवतो, याची उकल त्यानं कधी केलेली नव्हती. मोठेपणी हात आखडू लागले, तेव्हा त्याला स्वतःचं वादन पायापासून उलगडावं लागलं. 1952 साली तो भारतात आला, त्याची पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांशी गाठ पडली आणि योगानं त्याला मोठा आधार दिला. पुढे त्यानं अय्यंगारांना घड्याळ भेट दिलं, त्यावर त्यांचा उल्लेख "माझे सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक" असा कोरलेला होता. एवढ्या मोठ्या कलावंताला जे तिशी उलटल्यावर करावं लागलं, ते आपल्या मुलांना आठव्या वर्षी करायला मिळत असेल तर त्यांना आठ महिने जास्त देण्यात तोटा नाही.

फिंगरबोर्डवर रंगीत पट्ट्या लावाव्यात का?

शाळेत एकाच वेळी वीस मुलं शिकत असतील तर लावा. ज्याचा कान चांगला आहे त्याला नको. फार तर पहिल्या बोटाची एक पट्टी, तीही दोन-तीन महिने. पट्टी लागली की डोळा काम करतो आणि कान सुट्टीवर जातो.

त्याऐवजी वाद्यालाच विचारायला शिकवा. पाश्चात्त्य लागणीत ए तारेवर तिसऱ्या बोटानं डी वाजवा. सूर अगदी नेमका असेल तर शेजारची मोकळी डी तार हात न लावता थरथरते आणि आवाजाला एकदम उजाळा येतो. आपल्या लागणीत पंचमाच्या तारेवर वरचा सा वाजवला की शेजारची सा तार अशीच बोलते. मुलाला हे एकदा दाखवलं की ते दिवसभर तेच करत बसतं. तंबोरा मात्र रोज सुरू हवा, ॲपमधला असला तरी चालेल.

डावा हात आणि कंप (बोट हलवून सुराला दिलेली थरथर, व्हायब्रेटो) कधी शिकवायचा?

डाव्या हाताचा शत्रू अंगठा आहे. बोटं वरून दाबतात तसा अंगठा खालून दाबतो आणि हात चिमट्यासारखा अडकतो. एक सोपा व्यायाम : बोट तारेवर नुसतं टेकवून बो फिरवायचा, आवाज फुसका येईल. मग हळूहळू वजन वाढवत जायचं. ज्या क्षणी सूर स्वच्छ होतो तिथे थांबायचं. तेवढंच वजन पुरतं. मुलं रोज याच्या दुप्पट-तिप्पट दाबत असतात, आणि हे कळल्यावर त्यांनाच नवल वाटतं. वाजवता वाजवता अंगठ्यानं वाद्याच्या मानेवर टिचक्या मारायला सांगा. टिचकी बसत नसेल तर हात आवळलेला आहे.

पाश्चात्त्य शिकणाऱ्याला सूर पक्के होऊन तिसऱ्या पोझिशनपर्यंत (मानेवर घोडीच्या दिशेनं वर सरकून) हात सहज जाऊ लागला, की मग कंप. हिंदुस्थानीत तो सतत लावलाच जाऊ नये. दरबारी रागाचा गंधार आंदोलित (हळुवार झुलता) असतो, भैरवाचा रिषभ आंदोलित असतो, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. सगळ्या सुरांना सारखाच कंप दिला तर रागाचा चेहरा पुसला जातो. दूरचित्रवाणीवरच्या मुलांचं पाहून कंप उचललेला मुलगा माझ्याकडे आला की मी त्याला सहा महिने सरळ सूर लावायला सांगते.

रोज किती वेळ रियाज हवा?

सात वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. दहा-अकराव्या वर्षी तासभर. त्याहून जास्त वेळ स्वतः मागितला तर द्या, पण मध्ये थांबे हवेत. तीस वेळा चुकीचं आणि शेवटी एकदा बरोबर वाजवून वही मिटली, तर हाताला तीस वेळा चुकलेलंच लक्षात राहतं. म्हणून मी एक नियम ठेवला आहे : अवघड जागा इतकी हळू घ्यायची की ती पहिल्याच खेपेला बरोबर येईल.

मान किंवा हात दुखतो. सवय होईल ना?

नाही. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं हुळहुळतात, तेवढं चालतं. मान, खांदा, मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्याच दिवशी थांबा आणि शिक्षकांना सांगा. उभं राहून वाजवणाऱ्या उंच मानेच्या मुलाला शोल्डर रेस्ट (वाद्याखाली खांद्यावर टेकणारा आधार) बदलून लगेच आराम पडतो. मांडी घालून बसणाऱ्याच्या बैठकीखाली दुमडलेली सतरंजी घातली की पाठ सरळ होते. एवढ्यानं गेलं नाही तर डॉक्टर. दुखणं लपवून स्पर्धेत वाजवलेल्या मुलाला मी पुढे दोन वर्षं वाद्यापासून दूर राहिलेलं पाहिलं आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात व्हायोलिन कसं सांभाळायचं?

याबद्दल पुण्या-मुंबईचे शिक्षक फारसं सांगत नाहीत, कारण त्यांना नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) ठाऊक नाही.

मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो आणि हवा पार कोरडी होते. लाकूड आकसतं. खुंट्या सैल होऊन रात्रीतून चारही तारा उतरतात. बोचे केस आकसून काडीवर ताण येतो, म्हणून वाजवून झाल्यावर बो सैल करायला कधीच विसरू नका. उन्हाळ्यात तर नेहमीपेक्षा एक वेढा जास्त. मग पावसाळा आला की सगळं उलट. खुंट्या फुगून अडकतात आणि केस लांबून बो कसलाच जात नाही. फिरणाऱ्या खुंटीला थोडा खडू, अडकणाऱ्या खुंटीला थोडा कोरडा साबण, हा जुना इलाज अजून चालतो.

कूलरबद्दल सांगायलाच हवं. कूलरच्या झोतात बसून रियाज करू नका. तासभर वाद्य गारठ्यात-ओलाव्यात आणि कूलर बंद झाला की पुन्हा भट्टीत, यानं व्हायोलिनचे जोड सुटतात. ते सरसानं चिकटवलेले असतात, आणि सरस उष्णतेत व ओलाव्यात मऊ पडतो. कडेनं फट दिसली किंवा वाजवताना खरखर आली तर घरचा फेविकॉल लावू नका. जोड सुटणं ही वाद्याची सोय असते, लाकूड फुटण्यापेक्षा ते बरं. जाणकार कारागीर सरसानं तो पुन्हा बसवतो.

बंद कारमध्ये वाद्य ठेवू नका, सीताबर्डीच्या बाजारात दहा मिनिटांचं काम असलं तरी नाही. पेटी घरातल्या आतल्या भिंतीशी ठेवा, गच्चीच्या खोलीत नको. चारही तारा एकदम सैल करू नका, आतला साउंड पोस्ट (घोडीखालचा भाग तोलून धरणारी लाकडी कांडी) पडतो. तो पडलाच तर उरलेल्या ताराही उतरवा आणि वाद्य कारागिराकडे न्या, कारण आधाराशिवाय घोडीखालचा भाग दबतो.

रियाज मे महिन्यात सकाळी सहाला. मुलं उठत नाहीत असं पालक म्हणतात. उठतात, आईबाबा उठले तर.

परीक्षा, स्पर्धा आणि टीव्हीवरचे कार्यक्रम?

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा किंवा ट्रिनिटीच्या आठ ग्रेड, यांपैकी काहीही चालेल. अभ्यासाला चौकट मिळते, आणि गांधर्वच्या परीक्षांचा दहावीला वाढीव गुणांसाठीही उपयोग होतो. पण वर्षभर परीक्षेचेच राग घोटू नका. स्पर्धा वर्षातून एक. टीव्ही बारा वर्षांच्या आत नको, यावर मी वाद घालत नाही.

आम्हाला घरात कुणालाच संगीत कळत नाही. आम्ही काय करावं?

रियाजाच्या वेळी त्याच खोलीत बसा, मोबाइल बाजूला ठेवून. "छान" म्हणू नका, "चुकलं" तर नाहीच. "आज आवाज कालच्यापेक्षा वेगळा कसा आला?" एवढं विचारा. आणि मैफलीला न्या. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात कार्यक्रम असला तर पुढच्या रांगेत, कलावंताच्या उजव्या हाताच्या बाजूला बसवा, म्हणजे त्याचा बोचा हात दिसेल. मध्यंतरात पेंगलं तर घरी न्या. पूर्ण ऐकायलाच हवं असं नाही.

पुढच्या गुरूकडे कधी पाठवायचं?

हा प्रश्न शिक्षकानं स्वतःला विचारायचा असतो. मूल माझ्या हातात नसलेलं काही मागू लागलं की मी पालकांना बोलावते. काही मुलं महिन्यातून एकदा विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन शिकतात आणि मधले आठवडे माझ्याकडे हात तपासून घेतात. अशी जोडी चांगली चालते, फक्त दोन्ही शिक्षकांचं एकमेकांशी बोलणं हवं.

पाठवताना मी मुलाबरोबर एक कागद देते. त्यात काय येतं ते लिहीत नाही, ते वाजवल्यावर कळेलच. काय झाकलं जातं ते लिहिते. त्या खांदा ओढणाऱ्या मुलीच्या कागदावर एकच ओळ होती : "थकली की उजवा खांदा अजून वर जातो, तेव्हा थांबवा."